‘समजलं का?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं

या आठवड्याचं पत्र भोसरीच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमधल्या सुपरवायझरचं आहे, नाव छापू नका म्हणालेत म्हणून नाही छापत. पत्र चार पानी होतं, त्यातलं मुख्य तेवढं इथे देतेय.

“ताई नमस्कार. मी आयटीआय केलेला वेल्डर, वय 31, चार वर्षं झाली सुपरवायझर आहे. मागच्या महिन्यात एका बिल्डिंगच्या बाल्कनी रेलिंगचं काम होतं. शेठ गाडीत बसता बसता म्हणाले, रेलिंग साडेतीन फुटाची आहे, सगळे उभे पाइप काढून ठेव, उद्या साइटवर न्यायचेत. मी कटिंगच्या पोराला सांगितलं, साढे तीन फुट के अडसठ पीस काट, समझा क्या, तो हां भैया म्हणाला. पोरगा झारखंडचा, नवीन आहे पण मेहनती. त्याने बरोबर 42 इंचाचे 68 पीस कापले. साइटवर गेलो तर इंजिनिअर म्हणाला लादी अजून बसायचीय, तीन इंच त्यातच जाणार, ही रेलिंग कमी पडते, परत न्या. शेठ सगळ्यांसमोर नको नको ते बोलले, एवढंही कळत नाही का, पगारातून कापतो म्हणाले. मी तो राग त्या पोरावर काढला, तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. विचारायला गेलं तर शेठ चिडतात, नाही विचारलं तर हे असं होतं. सांगा मी काय करू, दुसरीकडे नोकरी बघू का?”

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन मापं मांडून बघितली. रेलिंग लादीच्या वर साडेतीन फूट पाहिजे म्हणजे 42 इंच. त्यात खाली लादी आणि तिच्या खालचा माल मिळून तीन इंच वाढवायचे, वरचा आडवा पाइप दीड इंचाचा तो वजा करायचा, उभ्याच्या खाली जोडायची बेस प्लेट सहा एमएमची म्हणजे दोन सूत, साधारण पाव इंच, तीही वजा. उभा यायला पाहिजे होता सव्वात्रेचाळीस इंचाचा, तुमचा निघाला बेचाळीसचा. सव्वा इंचासाठी 68 पीस गेले. आणि यात माप कुणाचंच चुकलं नाहीये हे आधी लक्षात घ्या. शेठ साडेतीन फूट म्हणाले ते खरंच होतं, तुम्ही साडेतीन सांगितलं तेही खरं, पोराने तर सुतात सूत बरोबर कापलं. फक्त शेठच्या डोक्यात तयार बाल्कनी होती, लादी बसलेली, माणूस कठड्याला टेकून उभा आहे अशी. तुमच्या डोक्यात रेलिंग होती. पोराच्या डोक्यात नुसता पाइप आणि टेप. ‘साडेतीन फूट’ हे शब्द तिघांकडून गेले पण ती बाल्कनी काही पुढे गेली नाही, ती शेठच्या गाडीत बसून निघून गेली.

जो सांगतो त्याला सगळं चित्र दिसत असतं ना, म्हणून त्याला वाटतं आपण पूर्ण सांगितलंय. ऐकणाऱ्याला अर्धंच मिळालेलं असतं, पण उरलेलं अर्धं तो स्वतःच्या मनाने भरून घेतो त्यामुळे त्यालाही वाटतं की पूर्ण कळलंय. दोघंही निश्चिंत. म्हणून मला तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा शब्द ‘साडेतीन’ नाही वाटला, ‘समझा क्या’ वाटला.

कारण त्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आपल्याकडे कोण देतं सांगा बरं. शाळेत बाईंनी समजलं का विचारलं की सगळा वर्ग हो म्हणायचा, ज्याला नाही कळलं तो जास्त मोठ्याने म्हणायचा. नव्या पोराला नोकरी टिकवायचीय, भाषा आपली नाही, मागे मशीन चालू आहे, समोर सुपरवायझर घाईत आहे, तो हो म्हणणारच. शिवाय आपलं ‘हो’ म्हणजे दरवेळी पटलं किंवा कळलं असं नसतंच, बऱ्याचदा ते फक्त ‘ऐकतोय, बोला’ असं असतं. फोनवर बघा, हो हो हो हो म्हणत राहतो आपण आणि शेवटी विचारतो, हां मग काय करायचं म्हणालास?

माझे मामा रेल्वेत गेटमन होते, दौंड-मनमाड लाइनवरच्या एका फाटकावर. सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचे तेव्हा त्या छोट्या खोलीत तासन् तास बसलेय. स्टेशनमास्तरचा फोन यायचा की अमुक गाडी येतेय, गेट बंद कर. मामा ‘हो साहेब’ म्हणून फोन ठेवून मोकळे नाही व्हायचे, ते चाललंच नसतं. बाहेर जाऊन गेट बंद करायचं, कुलूप लावायचं, परत येऊन त्यांच्याजवळच्या छापील कागदावरचा एक नंबर स्टेशनमास्तरला सांगायचा, याला प्रायव्हेट नंबर म्हणतात, मास्तर तो आपल्या रजिस्टरला लिहून घेणार आणि मामा आपल्या कागदावर तो खोडणार, एकदा दिलेला नंबर परत वापरायचा नाही. एवढं झाल्यावर मास्तरच्या हिशोबाने गेट बंद. लहान होते तेव्हा मला तो खेळ वाटायचा. पुढे स्वतः कामाला लागले तेव्हा कळलं की कुणीतरी फार विचार करून बसवलेली गोष्ट आहे ती, मामांवर विश्वास नव्हता म्हणून नाही, तर ‘हो’ या शब्दावर गाडी सोडता येत नाही म्हणून. मुंबईच्या लोकलमध्येही तेच आहे, गार्ड, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते दोन घंट्या देतात, मोटरमन त्याच दोन घंट्या उलट वाजवून दाखवतो आणि मग गाडी हलते. ऐकू आलं एवढंच नाही, काय ऐकू आलं तेही परत सांगायचं.

तुमच्या वर्कशॉपमध्ये नेमकं हेच आणायचंय आणि त्याला शेठची परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. उद्यापासून ‘समझा क्या’ बंद. त्याऐवजी काम सांगून झालं की म्हणायचं, अब बता, पहले क्या करेगा. आणि मग गप्प बसायचं, तो अडखळला तरी मधे शब्द पुरवायचा नाही. पहिल्या दिवशी त्याला वाटेल परीक्षा घेताहेत, म्हणून आधीच सांगून टाका की मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, तू चुकलास की नाही ते नाही. हे वाक्य मनापासून म्हणा, कारण ते खरंच आहे. तो जर म्हणाला, 42 इंच के अडसठ काटूंगा, तर त्या क्षणी तुमच्या डोक्यात आलं असतं की अरे थांब, बेचाळीस कशापासून? निदान यायची शक्यता तरी होती. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यातली भोकं दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट, पहिला पीस. मोठ्या कंपन्यांमध्ये फर्स्ट पीस अप्रूव्हल असतं, लॉट सुरू करायच्या आधी एक नग काढायचा, तपासायचा, सही झाली की पुढे. छोट्या वर्कशॉपमध्ये हे कुणी करत नाही, वेळ नाही म्हणतात, आणि मग दोन दिवस जास्तीचे जातात. एक उभा कापा, त्याला बेस प्लेट टॅक करा, म्हणजे वेल्डिंगच्या एक-दोन ठिपक्यांनी तात्पुरती धरा, वर आडव्या पाइपचा तुकडा ठेवा, जमिनीवर तीन इंचाचा ठोकळा ठेवून ती लादी समजा आणि टेप लावा. दहा मिनिटं लागतील. तुमच्या केसमध्ये 1 पीस वाया गेला असता, 67 वाचले असते. माझं ऐकाल तर बाकी काही नाही जमलं तरी चालेल पण हे एक सोडू नका.

मापाच्या भाषेचंही जरा बोलायचंय, कारण तुमच्या धंद्यात हा घोळ फार जुना आहे. 1956 साली कायदा होऊन आपल्याकडे मेट्रिक मापं आली पण फॅब्रिकेशनवाला आणि सुतार आजही सुतात बोलतो, एका इंचाचे आठ सूत, म्हणजे सूत तीन एमएमपेक्षा जरासं जास्त. साइटचं ड्रॉइंग एमएममध्ये, शेठ फुटात, तुम्ही इंचात, बेस प्लेट परत एमएममध्ये. त्यात ते गेज. जुन्या माणसाला पाठ असतं की 16 गेज म्हणजे साधारण 1.6 एमएम आणि 18 गेज म्हणजे 1.2, आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, पण जाड पत्रा हवा म्हणून नवीन मुलाला तुम्ही ‘मोठ्या गेजचा घे’ म्हणालात तर तो बिचारा 18चाच उचलणार ना, अठरा सोळापेक्षा मोठाच आहे! बरं त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 1983 च्या जुलैमध्ये एअर कॅनडाचं एक नवंकोरं बोइंग 767 माँट्रियलहून निघालं, पाहिजे होतं 22,300 किलो इंधन, पण ते विमान कंपनीत नव्यानेच किलोवर आलेलं आणि हिशोब करताना आकडा पौंडाचा धरला गेला, म्हणजे निम्म्याहूनही कमी इंधन भरलं. 41,000 फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. पायलटला ग्लायडिंग, म्हणजे इंजिनाशिवाय विमान तरंगत नेणं, येत होतं म्हणून गिम्ली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर त्यांनी ते उतरवलं आणि सगळे वाचले. तिथेही शिकलेली, अनुभवी माणसं होती. म्हणून तुम्ही स्वतःला जे दोन पानं भरून मूर्ख म्हणवून घेतलंय ते मी इथे छापलेलंसुद्धा नाही.

तर वर्कशॉपमध्ये एकच माप ठरवा, एमएम तर एमएम, आणि कटिंगचा आकडा नुसता तोंडी नाही द्यायचा, खडूने पत्र्यावर साधं चित्र काढायचं. जमिनीची रेघ, लादीची रेघ, उभा, आडवा, आणि बाण कुठून कुठपर्यंत. चित्र वाईट आलं तरी चालतं. ज्याला तुमचं मराठी कळत नाही आणि तुम्हाला ज्याची खोरठा किंवा भोजपुरी कळत नाही त्यालाही बाण कळतो. फोनवर आकडे सांगायचे असतील तर सुटे सांगा, पाच नऊ, सहा नऊ असं, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर मशीनच्या आवाजात सारखेच ऐकू येतात आणि हल्लीच्या इंग्लिश मीडियमच्या मुलांना तर एकोणसत्तर म्हणजे नक्की किती हेच आठवावं लागतं.

आता शेठ. तुम्ही म्हणता विचारलं की चिडतात. चिडत असतील, कारण तुमचा प्रश्न त्यांना काम वाटतो. ‘शेठ, साडेतीन म्हणजे कसं?’ असं विचारलं की त्यांना थांबून सगळं परत समजवायला लागतं, डोक्यात दहा पार्ट्यांचं पेमेंट फिरत असतं, मग तोंडातून निघतं की एवढंही कळत नाही का. त्यापेक्षा प्रश्न विचारूच नका, तुम्हाला जे समजलं ते सरळ सांगून टाका: ‘शेठ, उभे 42 इंचाचे कापतोय, स्लॅबपासून.’ माणूस प्रश्नाला उत्तर द्यायला कंटाळतो पण चुकीचं विधान ऐकलं की लगेच दुरुस्त करतो, गाडीची काच खाली करून करतो. ‘अरे लादी कोण धरणार?’ हे वाक्य तुम्हाला तिथेच मिळालं असतं. आणि ते निघून गेले असतील तर हेच वाक्य व्हॉट्सअॅपवर टाका, एका ओळीत, खडूच्या चित्राच्या फोटोसकट, आणि खाली लिहा, 11 वाजता कटिंग सुरू करतो. समोरून नुसता अंगठा आला तर त्यावर विसंबू नका. अंगठा म्हणजे बघितलं, की वाचलं, की चालेल, की आत्ता डोकं खाऊ नको, काहीही असू शकतं. आकड्याच्या कामाला आकडाच परत यायला पाहिजे, ‘1098 ओके’ असा (सव्वात्रेचाळीस इंच म्हणजे साधारण 1098 एमएम), नाहीतर एक फोन करा. तसंच शेठ दोन-अडीच मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात असं लिहिलंय तुम्ही, ते ऐकून झाले की त्यातून तुम्हाला काय कळलं ते दोन ओळींत लिहून परत पाठवत जा, त्यांनी सांगितलेलं नसलं तरी.

शेठकडून येणाऱ्या काही शब्दांवर मात्र तिथल्या तिथे कान टवकारायचे: ‘नेहमीसारखं’, ‘जरा लवकर’, ‘तेवढं बघून घे’, ‘त्या पार्टीचं करून टाक’. यांना स्वतःचा अर्थ नसतो, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे तोच अर्थ. ‘लवकर’ म्हणजे दुपारच्या जेवणाआधी की उद्या सकाळी, ‘बघून घे’ म्हणजे फक्त नजर टाक की कर. आणि आपणही उलट तेच करतो हो, ‘झालंय’ म्हणतो. काय झालंय, कटिंग की वेल्डिंग की रेडऑक्साइड मारून सुकलंय? शेठ ‘झालंय’ ऐकून टेम्पो बोलावतात आणि इथे पोरं ग्राइंडर घेऊन बसलेली असतात.

एक माझ्याकडून घडलेलं सांगते. मी बावीस वर्षं एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्लॅनिंगला होते. एकदा संध्याकाळी घाईत डिस्पॅचच्या मुलाला फोन केला, ‘परवाचा लॉट थांबव’, तो हो मॅडम म्हणाला. मला म्हणायचं होतं की परवा जो जाणार आहे तो. त्याने परवा बनून तयार झालेला, गाडीत चढवलेला लॉट खाली उतरवला. आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही असतो, हे काय मला माहीत नव्हतं? पण बोलताना माझ्या डोक्यात कॅलेंडर होतं आणि त्याच्यासमोर ट्रक उभा होता. गिऱ्हाइकाची लाइन अर्धा दिवस थांबली. मी त्या मुलाला फार बोलले, ऑफिसात, चारचौघांत. दोन दिवसांनी रात्री पोळ्या करताना अचानक लख्ख कळलं की वाक्य माझं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली त्याची, पण चारचौघांत नाही मागितली, एकट्याला गाठून मागितली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. बोलले सगळ्यांसमोर होते तर माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी होती. तेव्हापासून आयुष्यात ‘परवा’ लिहिलं नाही, वार आणि तारीख लिहिते, ‘गुरुवार 14’ असं दोन्ही, कारण वार आणि तारीख जुळली नाही की समोरचा आपोआप फोन करतो.

पगार कापण्याचं. रागात बोलले असतील, पण खरंच कापायला लागले तर तुम्हाला माहीत असावं की नुकसानीपोटी पगारातून पैसे कापायच्या आधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, 1936 च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यातही ते होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. भांडायला जाऊ नका, पण कशामुळे काय झालं ते तारखेसकट एका कागदावर लिहून शेठकडे द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. त्या पोराच्या पगारातून तर एक रुपया जाता कामा नये, तिथे तुम्ही उभं राहायचं.

शेठशी बोलायची वेळ संध्याकाळची निवडा, शटर अर्धं खाली आल्यावर. अपमानाचं आत्ता काढू नका, पाइपच्या पैशाचं काढा, ते त्यांना लगेच कळेल: 68 पीस, वर दोन दिवसांची मजुरी, टेम्पोच्या दोन फेऱ्या, एवढे गेले, पुढच्या कामाला कटिंगच्या आधी मला दहा मिनिटं द्या, मी चित्र दाखवतो, तुम्ही त्यावर सही करा. सही हा शब्द नको वाटला तर ‘ओके लिहा’ म्हणा. दुसरी नोकरी बघायची का विचारलंत. ही दहा मिनिटं तीन महिने मागून बघा, तरी मिळाली नाहीत आणि वर शिव्याच मिळत राहिल्या तर जरूर बघा, मी अडवणार नाही, चांगल्या वेल्डरला या पट्ट्यात काम मिळतं. पण आत्ता रागात सोडलंत तर नव्या ठिकाणीही कुणीतरी गाडीत बसता बसता साडेतीन फूट म्हणणारच आहे.

राहिला तो पोरगा. त्याच्याशी बोलायला चांगला मुहूर्त शोधत बसू नका. सोमवारी सगळी पोरं चहाला जमतात तेव्हा, सगळ्यांसमोरच, म्हणा की त्या दिवशी कटिंग बरोबर होतं, माझं सांगणं अपुरं होतं. मग त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, उस दिन मैंने जो बोला, तेरे को क्या सुनाई दिया था? तो काय सांगतो ते मला नक्की लिहून कळवा.